पाटी, पत्ता आणि पिक्सेल : यंत्र घर पाहायला कसे शिकले?

#थ्रेड #इतिहास

१/
१९३९ ते १९४१ या काळात न्यूयॉर्क शहरात एक अजब मोहीम चालू होती. छायाचित्रकारांच्या तुकड्या गल्लोगल्ली फिरत, प्रत्येक इमारतीसमोर थांबत, तिच्यापुढे एक पाटी उभी करत आणि छायाचित्र घेत. पाटीवर मालकाचे नाव नसे की घराचे नाव नसे. असत ते आकडे : ब्लॉक क्रमांक आणि लॉट क्रमांक. शहराच्या पाचही विभागांतील इमारतींची अशी सात लाखांहून अधिक छायाचित्रे जमा झाली.

२/
हे काम शहराच्या कर विभागाचे होते. महामंदीच्या काळात बेरोजगारांना काम देण्यासाठी स्थापन झालेल्या ‘डब्ल्यूपीए’ या संघीय संस्थेने त्यासाठी माणसे पुरवली होती. हेतू साधा होता. मालमत्ता कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला कचेरीत बसल्या बसल्या घर दिसावे, म्हणजे मूल्यनिर्धारणात लबाडी कमी होईल. घराचे चित्र पाहून घराची किंमत ठरवण्याचा, तोही एका संपूर्ण महानगराच्या पातळीवरचा, हा एक मोठा आरंभीचा प्रयोग होय.

३/
आज मोबाइलवर घर शोधणाऱ्याला वाटते की छायाचित्रे तोच पाहत आहे. वास्तविक त्याच्या आधी ती यंत्राने पाहिलेली असतात. स्वयंपाकघर कोणते, शयनगृह कोणते, ओटा ग्रॅनाइटचा आहे की साधा, कोणते छायाचित्र पहिले दाखवायचे, यांतले बरेचसे निर्णय ‘कॉम्प्युटर व्हिजन’ म्हणजे संगणकीय दृष्टी घेते. यंत्राला ही नजर कोणी दिली, आणि ती देताना माणसाच्या नजरेतले काय काय त्यात उतरले, याचा हा इतिहास.

४/
प्रथम शब्दांचा काळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील दलाल एकत्र जमून आपापल्याकडील विक्रीच्या घरांची माहिती एकमेकांना देऊ लागले. त्यातूनच पुढे ‘मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस’ ही सामायिक यादीची पद्धत रूढ झाली. यादीत घर म्हणजे काही रकाने : खोल्या, क्षेत्रफळ, किंमत, पत्ता. उरलेले सारे विशेषणांवर सोपवलेले. आपल्याकडच्या छोट्या जाहिरातींतले ‘हवेशीर’, ‘प्रशस्त’ आणि ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे त्याच कुळातले शब्द. ती पाच मिनिटे कोणाच्या चालीने मोजायची, हे जाहिरात कधी सांगत नसे.

५/
विशेषणांवर विश्वास नसेल तर कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवे. महामंदीत कर्जबाजारी घरमालकांना सावरण्यासाठी १९३३ मध्ये अमेरिकी सरकारने ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’ स्थापन केले. १९३५ ते १९४० या वर्षांत त्याने दोनशेहून अधिक शहरांतील वस्त्यांची पाहणी करवून घेतली. स्थानिक दलाल आणि मूल्यांकनकार यांच्या मतांवरून प्रत्येक वस्तीला श्रेणी मिळाली आणि नकाशावर रंग चढला. उत्तम वस्ती हिरवी, बरी निळी, उतरती पिवळी आणि ‘धोकादायक’ वस्ती लाल.

६/
त्या पाहणीचे छापील तक्ते आजही उपलब्ध आहेत. इमारतींचे वय, बांधकामाचा प्रकार, दुरुस्तीची अवस्था या रकान्यांच्या शेजारीच परदेशात जन्मलेल्या कुटुंबांचे आणि कृष्णवर्णीयांचे प्रमाण नोंदवण्याचे रकाने आहेत. छप्पर गळते आहे काय आणि शेजारी कोण राहतो, हे दोन प्रश्न एकाच कागदावर एकाच अर्थाने विचारले गेले. दोहोंची उत्तरे ‘जोखीम’ या एकाच शब्दात मिळवली गेली.

७/
या दृष्टीला विद्वत्तेचा आधारही होता. होमर हॉइट या अर्थतज्ज्ञाने शिकागोतील शंभर वर्षांच्या जमीन-किमतींवर १९३३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. जमिनीच्या किमतीवर कोणत्या वंशाच्या वस्तीचा कसा परिणाम होतो, याची उतरंड त्यात दिली होती : वर इंग्रज, जर्मन, स्कॉट; तळाशी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. पुढच्याच वर्षी हॉइट ‘फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’मध्ये, म्हणजे गृहकर्जांना हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेत रुजू झाला.

८/
रंगीत नकाशांनी प्रत्यक्षात किती हानी केली याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. अनेकांच्या मते खरा घाव कर्जहमी देणाऱ्या यंत्रणेच्या नियमांनी घातला. मात्र एका गोष्टीवर वाद नाही : कृष्णवर्णीय वस्त्यांना कर्ज मिळेनासे झाले, कर्ज नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून किंमत नाही. तक्त्यात लिहिलेली ‘उतरती वस्ती’ काही वर्षांत डोळ्यांना दिसूही लागली. पाहणाऱ्याने जे भाकीत केले, तेच त्याच्या भाकिताने घडवले.

९/
४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात, ११ एप्रिलला, घरांच्या विक्रीत, भाड्यात व कर्जात वंशभेद करण्यास मनाई करणाऱ्या कायद्यावर अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची सही झाली. रकाना कागदावरून गेला. पण त्या रकान्याने तीन दशके घडवलेल्या किमती विक्रीच्या दप्तरांत तशाच राहिल्या. हा मुद्दा ध्यानात ठेवावा. पुढे यंत्राची शाळा याच दप्तरांवर भरणार आहे.

१०/
त्याच सुमारास, १९६६ च्या उन्हाळ्यात, एमआयटीत सेमूर पॅपर्ट यांनी एक योजना मांडली. सुट्टीत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून संगणकाच्या दृष्टियंत्रणेचा मोठा भाग उभा करावा, अशी ती कल्पना होती. उन्हाळा संपला, प्रश्न अर्धशतक पुरला. बुद्धिबळाची चाल शोधणे यंत्राला तुलनेने सोपे गेले, पण खुर्ची कोठे संपते आणि तिची सावली कोठे सुरू होते हे ओळखणे महाकठीण ठरले. मूल जे बोलण्याआधी शिकते, ते यंत्राला नियम लिहून शिकवता येईना.

११/
कोंडी फुटण्याची पहिली मोठी खूण घराशी नव्हे, घराच्या पत्त्याशी निगडित आहे. १९८९ मध्ये बेल लॅब्समध्ये यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हस्ताक्षरातील पिनकोडचे आकडे ओळखणारे न्यूरल नेटवर्क सिद्ध केले. बफेलो शहराच्या टपाल कार्यालयातून जाणाऱ्या खऱ्या पत्रांवरील ९,२९८ अंक त्यासाठी वापरले होते. प्रत्येक अंक १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकटीत बसवला होता. ‘सात असा दिसतो’ हा नियम कोणी लिहिला नाही. उदाहरणे दाखवली, चूक झाली की जाळ्यातील आकडे किंचित बदलले, आणि यंत्र आपणहून वळणे ओळखू लागले.

१२/
लिफाफ्यावरून यंत्र दारापर्यंत पोहोचले. गुगलच्या गाड्या २००७ पासून रस्त्यांची छायाचित्रे जमवत होत्या. २०११ मध्ये त्यांतील घरक्रमांकांच्या सहा लाखांहून अधिक अंकचित्रांचा संग्रह संशोधकांसाठी खुला झाला आणि २०१४ पर्यंत यंत्राने जवळपास दहा कोटी घरक्रमांक वाचले. या कामी जगभरच्या सामान्य माणसांचाही हात लागला. संकेतस्थळावर ‘आपण यंत्र नाही’ हे सिद्ध करताना जे धूसर आकडे टंकावे लागत, त्यांत काही काळ दारांवरचे क्रमांकही असत. लोक फुकट वाचत होते, यंत्र पाठ गिरवत होते.

१३/
दारातून आत जाण्यासाठी वस्तू ओळखता यायला हव्या होत्या. फेई-फेई ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘इमेजनेट’ हा प्रचंड चित्रसंग्रह जगापुढे ठेवला. चित्रांना नावे देण्याचे काम इंटरनेटवरून मोबदला देऊन असंख्य माणसांकडून करून घेतले होते. २०१२ च्या स्पर्धेत अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्या नेटवर्कने चुकीचे प्रमाण १५.३ टक्क्यांवर आणले. दुसऱ्या क्रमांकाचा संघ २६.२ टक्क्यांवर होता. लकून यांचीच पद्धत, पण उदाहरणे लाखोंच्या संख्येने आणि संगणक कितीतरी पटीने वेगवान.

१४/
मात्र वस्तू ओळखणे म्हणजे खोली ओळखणे नव्हे. टेबल स्वयंपाकघरात असते तसे कचेरीतही असते. २०१४ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘प्लेसेस’ हा स्थळांचा संग्रह सिद्ध केला. यंत्राला शिकवण्यासाठी २०५ प्रकारची स्थळे, सुमारे २५ लाख चित्रे. त्यांत शयनगृह, स्वयंपाकघर, दिवाणखाना, बोळ असे सारे. ही चित्रे इंटरनेटवर शोधताना स्थळांच्या नावांना शेकडो विशेषणे जोडली होती : पसारा असलेले, उन्हाने भरलेले, ओकेबोके. जुन्या जाहिरातींची विशेषणे अशा रीतीने पुन्हा कामाला लागली. या खेपेस ती गिऱ्हाइकाला नव्हे, यंत्राला पढवत होती.

१५/
घर शोधण्याच्या सेवांना यातून खरोखरच मोठा लाभ झाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. पूर्वी यंत्राच्या लेखी छायाचित्र मुके होते. शोध फक्त रकान्यांत चाले. आता विक्रेत्याने ‘बाल्कनी’ हा रकाना रिकामा ठेवला तरी छायाचित्रातली बाल्कनी सापडते. एकच सदनिका चार दलालांनी चार किमतींना टाकली असेल तर चित्रांच्या साम्यावरून ते उघड होते. दुसऱ्याच घराचे उचललेले छायाचित्र पकडता येते. एअरबीएनबीने २०१८ मध्ये आपली खोल्या ओळखण्याची पद्धत जाहीर केली, तेव्हा यजमानांनी छायाचित्रांखाली लिहिलेल्या ओळीच तिचे पहिले पाठ्यपुस्तक ठरल्याचे सांगितले.

१६/
पुढची पायरी ओळखण्याची नव्हे, मोल करण्याची. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘झिलो’ या अमेरिकी संकेतस्थळाने कोट्यवधी घरांचे अंदाजित मूल्य कोणालाही फुकट पाहता येईल असे मांडले. पण सारख्याच क्षेत्रफळाची दोन शेजारची घरे, एकाचे स्वयंपाकघर नवे, दुसऱ्याच्या भिंतींना ओल. रकान्यांना हा फरक दिसत नसे. घरमालकांची तक्रार रास्त होती. २०१९ मध्ये झिलोने जाहीर केले की आता त्याचे गणित छायाचित्रेही पाहते आणि ओटा, फरशी, नूतनीकरण यांचा दर्जा जोखते.

१७/
येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. यंत्राला ‘चांगले घर’ म्हणजे काय हे कसे कळते? त्याला छायाचित्र दाखवतात आणि ते घर कितीला विकले गेले तो आकडा दाखवतात. अशा लक्षावधी जोड्यांतून ते शिकते की कोणत्या दृश्यासाठी माणसांनी जास्त पैसे मोजले. म्हणजे ते सौंदर्य शिकत नाही, टिकाऊपणाही शिकत नाही. शिकते ती बाजाराची स्मृती. आणि बाजाराच्या स्मृतीत नवव्या पोस्टमधली ती दप्तरे आहेत.

१८/
वंशाचा रकाना काढून टाकला तरी पुरत नाही, कारण चित्र स्वतःच बोलके असते. २०१७ मध्ये टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या २०० शहरांतील रस्त्यांची पाच कोटी छायाचित्रे यंत्राला दाखवली. यंत्राने त्यांत फक्त उभ्या असलेल्या मोटारी ओळखल्या : कंपनी, प्रकार, वर्ष. तेवढ्यावरून वस्तीचे उत्पन्न, शिक्षण, वंश आणि मतदानाचा कल यांचा बऱ्यापैकी अचूक अंदाज बांधता आला. दारातल्या गाडीवरून जे कळते, ते दार, कुंपण, खिडकीची जाळी, पदपथाची फरशी यांवरूनही कळू शकते. १९३५ च्या पाहणी अधिकाऱ्याला रकाना भरावा तरी लागत असे, म्हणून आज तो दाखवून दोष देता येतो. यंत्राला रकान्याची गरज नाही.

१९/
मूल्य सांगणे निराळे आणि त्या मूल्यावर स्वतःचे पैसे लावणे निराळे. झिलो २०१८ पासून स्वतः घरे विकत घेऊन पुन्हा विकू लागले. नोव्हेंबर २०२१ मध्ये हा व्यवसाय गुंडाळत असल्याचे त्याने जाहीर केले. त्या एका तिमाहीत शिल्लक घरांच्या किमतीत ३० कोटी डॉलरहून अधिक घट नोंदवावी लागली. दोष यंत्राच्या नजरेचा नव्हता. काही महिन्यांनंतरच्या किमतींचा अंदाज बांधता येत नाही, असे कंपनीनेच सांगितले. छायाचित्र आजचे असते. किंमत उद्याच्या माणसांवर अवलंबून असते.

२०/
अखेर कायदा पुन्हा पुढे आला. २०२४ मध्ये अमेरिकेतील सहा संघीय संस्थांनी गृहकर्जाच्या व्यवहारांत वापरल्या जाणाऱ्या स्वयंचलित मूल्यांकनासाठी नियम अंतिम केला. अशी साधने वापरणाऱ्या वित्तसंस्थांनी अचूकतेची काळजी घ्यावी, आकड्यांत फेरफार होऊ देऊ नये, नमुना तपासणी करावी आणि भेदभावविरोधी कायद्यांचे पालन होते आहे हे पाहावे, असे तो सांगतो. १९६८ चा कायदा माणसाच्या हाताला लागू होता. आता यंत्राच्या हिशेबालाही त्याच कसोटीवर आणले गेले.

२१/
महाराष्ट्राशी या कथेचा धागा जुळतो तो मुंबईत. २०१२ मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी ‘हाउसिंग डॉट कॉम’ सुरू केले. शहरात घर शोधताना सोसलेला त्रास हीच त्यामागची प्रेरणा होती. दलालाने पाठवलेल्या चित्रावर विसंबण्याऐवजी आपली माणसे कॅमेरा घेऊन घरोघर पाठवणे, हा त्यांचा सुरुवातीचा मार्ग. न्यूयॉर्कच्या त्या तुकड्यांचीच ही दूरची भावंडे म्हणावीत : आधी कोणीतरी विश्वासाने पाहिले पाहिजे, मग यंत्राला दाखवता येते.

२२/
१ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत झाले. प्रकल्पाची नोंदणी, चटईक्षेत्रावर आधारित विक्री, मंजुऱ्यांची जाहीर माहिती हे बंधनकारक ठरले. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड छापणेही सक्तीचे झाले. मोबाइलचा कॅमेरा त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर धरला की प्रकल्पाची सरकारी नोंद उघडते. जाहिरातीत मागे समुद्र, पुढे हिरवळ, मधोमध हसरे कुटुंब. आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकोनात मात्र खरी माहिती.

२३/
छायाचित्र कितीही बारकाईने वाचले तरी काही गोष्टी त्यात नसतातच. खरेदीखत कोणाच्या नावे आहे, मिळकत पत्रिकेवर कोणाचा बोजा आहे, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे भिंतीवर उमटत नाही. ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ ही अट चित्रात दिसत नाही, आणि आडनाव ऐकल्यावर ‘जागा नुकतीच गेली’ असे सांगणारा फोनवरचा आवाजही दिसत नाही. ‘घर पाहावे बांधून’ या आपल्या म्हणीतले ‘पाहणे’ डोळ्यांपुरते कधीच नव्हते. खर्च, खेटे, कागद आणि माणसे असा सारा भोग त्या एका क्रियापदात आहे. त्यांतले यंत्राच्या वाट्याला आले आहे ते फक्त डोळ्यांचे काम.

२४/
म्हणून पुन्हा त्या पाटीकडे. न्यूयॉर्कच्या अभिलेखागाराने कर विभागाची ती सारी छायाचित्रे २०१८ मध्ये संगणकावर सर्वांसाठी खुली केली. आता लोक त्यांत आजी-आजोबांचे घर शोधतात, पाडून टाकलेले दुकान शोधतात, बालपणीची गल्ली शोधतात. शोध लागतो तो मुख्यतः पत्त्यावरून आणि त्या दोन क्रमांकांवरून. चित्राला सार्वजनिक दप्तराशी बांधणारा तो दुवा नसता, तर सात लाख घरे सात लाख अनोळखी भिंती होऊन राहिली असती.

२५/
१९३९ ची पाटी आणि २०२३ चा क्यूआर कोड एकच काम करतात : जे दिसते आहे त्याचा जाब कोणत्या नोंदीला विचारायचा, हे सांगतात. घर शोधण्याच्या सेवांनी यंत्राला नजर दिली, हे चांगलेच झाले. त्या नजरेने केलेले मोल तपासायचे असेल, तर प्रत्येक अंदाजासमोरही तशीच एक पाटी उभी करावी लागेल : हे मोल कोणत्या घरांवरून, कोणत्या वर्षांच्या किमतींवरून शिकले, आणि ते चुकीचे वाटल्यास दाद कोठे मागायची.

समाप्त.